आधी संडास दाखवा

परवा दुपारी जेवताना भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे बघ. डिसेंबरात सगळे जाऊ. एकदम फॅमिली फ्रेंडली आहे." पडद्यावर अकोले तालुक्याच्या डोंगरातलं एक शेतघर होतं. झोपाळा होता, बैल नसलेली बैलगाडी होती, चुलीपुढे बसवलेली नऊवारीतली बाई होती आणि फोटो काढण्यासाठी भिंतीवर रंगवलेले दोन मोठे पंख होते. मी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "संडास कसा आहे?"

भाच्याच्या बायकोने हातातला घास ताटात ठेवला. भाचा म्हणाला, "मावशी, जेवतोय आपण." मी म्हटलं, जेवतोय म्हणूनच विचारतेय. झोपाळ्याचे सहा फोटो टाकणाऱ्या माणसाने संडासाचा एकही टाकला नाही, याचा अर्थ मला नीट कळतो. लहान लेकरं, म्हातारी माणसं, पाळीच्या दिवसांतल्या बायका, ही सगळी फॅमिलीतच येतात ना? की फॅमिली म्हणजे नुसतं पंखांपुढे उभं राहणारं जोडपं? या 'वीकेंड गेटअवे' नावाच्या प्रकाराचा मला मनापासून वीट आला आहे.

पण हा प्रश्न माझा नाही. तो साळवेबाईंचा. बाई आता नाहीत, म्हणून तो मी विचारते.

आमच्या नगरच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. बाई ठेंगण्या, अंगाने गोल, साडी कडक इस्त्रीची, खांद्याला भलीमोठी काळी पर्स. चेहरा कायम नुकतंच काहीतरी नासकं हुंगल्यासारखा. नव्या माणसाला वाटायचं, आपल्याला बघूनच नाक मुरडलं. बऱ्याचदा ते खरंही असायचं. "शी" हा त्यांचा लाडका शब्द. कॅन्टीनच्या वड्याला शी, हेडमास्तरांच्या भाषणाला शी, वहीत मधली पानं फाडणाऱ्या मुलीला शी. जो माणूस गोड बोलून काम दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, त्याला दोनदा शी.

आमच्या शाळेतल्या शिक्षकांची घरच्यांसह सहल निघायची. मिनीबस करायची आणि आसपासच्या लहान गावाला जाऊन यायचं. सुरुवातीला हे सगळं क्रीडाशिक्षक आखायचे. एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी भंडारदऱ्याची सहल काढली. वाटेत जिथे मनात येईल तिथे गाडी थांबायची, पुरुष खाली उतरायचे, झाडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि हलके होऊन, गाणी म्हणत परत चढायचे. आम्ही बायका सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या. हे काही ठरवून केलेलं नव्हतं. प्रवासाला निघायचं तर पाणी प्यायचं नाही, हे आम्हाला आयांनी शिकवलं होतं आणि आम्ही लेकींना शिकवत होतो. ओठ सुकलेले, पोटात कळ आलेली, आणि वर "किती छान हिरवंगार ना" असं म्हणायचं.

धरणाजवळच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' अशी पाटी होती. फॅमिली रूम म्हणजे एक कळकट पडदा. मागच्या बाजूला संडास होता, त्याला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. आत काय होतं ते मी सांगत नाही. बाहेर आले तर समोर दरीच्या काठावर थर्माकोलच्या ताटल्या, बाटल्या, लेकरांचे वापरलेले डायपर. आणि त्यावर उभे राहून लोक ढगांचे फोटो काढत होते.

साळवेबाई सगळ्यांच्या शेवटी आत गेल्या. नाकाला पदर लावला नाही. नाक झाकलं तर कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. बाहेर येऊन त्या थेट क्रीडाशिक्षकांपुढे उभ्या राहिल्या.

"सर, ही कौटुंबिक सहल ना?"

"हो बाई."

"मग कुटुंबाला मुतायला कुठे नेणार होतात?"

सर दरीत बघायला लागले. परतीच्या वाटेवर बाईंनी ड्रायव्हर बबनला एका उसाच्या फडाशी गाडी थांबवायला सांगितली. "आता बायका उतरतील. गडी माणसं खाली मुंडी घालून बसतील." आणि खरंच, हेडमास्तरांसकट सगळे पुरुष मान खाली घालून बसले. पुढची सहल साळवेबाईंनी आखली, आणि त्यानंतरच्या सगळ्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाव ठरलं की आठ-पंधरा दिवस आधी, सुट्टीच्या दिवशी, त्या एकट्या एसटीने तिथे जाऊन यायच्या. देऊळ बघायच्या नाहीत, धबधबा बघायच्या नाहीत. हॉटेलवाला खुर्ची पुढे करायचा, जेवणाचं सांगायला लागायचा. बाई म्हणायच्या, "आधी संडास दाखवा." तो चपापायचा. बाई आत जाऊन नळ सोडून बघायच्या, दिवा लावून बघायच्या, कडी लावून आतून दार ढकलून बघायच्या. पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर, चार स्क्रू आणि एक-दोन कड्या कायम असत. कडी तुटलेली असली तर विचारायच्यासुद्धा नाहीत, नवीन बसवून टाकायच्या. "संडासाला कडी आतून लागते," असं त्या म्हणायच्या, "एवढं या लोकांना कळत नाही, आणि चालले पर्यटन करायला. शी."

हॉटेलांवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता आमच्या शाळेच्या जुन्या मुलींवर. "माझ्या मुली गावोगाव दिल्यात," असं त्या ऐटीत सांगायच्या. राहुरीत एक, कोल्हारला एक, राहात्याला दोन. आमची मिनीबस अशा एखाद्या मुलीच्या दारात उभी राहायची आणि सगळ्या बायका रांगेने आत शिरायच्या. त्या मुलीची सासू अवाक होऊन बघत राहायची. मग चहा व्हायचा. निघताना बाई मुलीला बाजूला घेऊन सांगायच्या, "घर छान आहे. संडासात खिडकीला जाळी लाव." बस्स, एवढंच कौतुक.

शिर्डीच्या एका लॉजवाल्याने एकदा त्यांना विचारलं होतं, "बाई, तुमी नगरपालिकेच्या का?" बाई म्हणाल्या, "नाही. मी गिऱ्हाईक."

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्याची किळस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. अकोल्याकडे एका शेतघराची चौकशी करायला त्या निघाल्या होत्या, त्या वेळी मीही बरोबर होते. मालक फाटकाशीच उभा. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं साखरेचं. "या, या. घरच्यावानी ऱ्हायचं बगा. कुठलं म्हनायचं तुमी? आडनाव काय?"

आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात हे त्यालाही माहीत होतं, मलाही आणि बाईंना तर जन्मापासून. बाईंच्या घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटावर बुद्धाची मूर्ती होती. मी अवघडून गेले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आधी संडास दाखवा," त्या म्हणाल्या, "मग आडनाव सांगते."

त्याने दाखवला. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, हात धुतले. "आडनाव साळवे. आता तुमचा संडास कसा आहे ते सांगू?"

त्याचं घरच्यावानी तिथेच संपलं. मोबाईल काढून तो म्हणायला लागला की, त्या तारखांना आधीच बुकिंग झालेलं दिसतंय. आम्ही एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आलो. मी रागाने काहीतरी बोलत होते. बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "संडासाचं काही नाही हो शिंदेबाई, तो धुता येतो."

आता आईचं सांगते. माझी आई माझ्याकडेच राहायची. तिचं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. एका ऑपरेशननंतर तिचा लघवीवर ताबा राहिला नव्हता. आली म्हणजे आली, दोन मिनिटांची उसंत नाही. तेव्हापासून तिने उंबरठा ओलांडणं सोडलं. भावाच्या नातीचं लग्न झालं, गेली नाही. भाऊ गेला, तेव्हाही नाही. डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या माणसांचे डायपर मिळतात, ते घालून न्या. पण आई ते कपाटात ठेवून द्यायची. "लहान लेकरू हाय का मी? आजवर झाकली मूठ ऱ्हायली, आता चारचौघांत शोभा नको," असं म्हणायची. तिला मरणाची भीती नव्हती, या एका गोष्टीची होती. पण खिडकीत बसून ती घाटाच्या पायऱ्यांबद्दल बोलायची, आणि ते ऐकताना मला रडू यायचं.

एकदा बाई घरी आल्या होत्या. आईचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आई, पुणतांब्याला यायचं का?"

"नगं बाई. माझं तुमाला ठावं न्हाई."

"मला सगळं ठाऊक आहे. मी आखते. तुम्ही फक्त गाडीत बसा."

ती सहल बाईंनी जशी आखली तशी कुणी युद्धसुद्धा आखत नसेल. नगर ते पुणतांबा, वाटेवर त्यांच्या मुलींची घरं, सगळीकडे खुर्चीचा संडास आहे की नाही ते बघितलेलं. पुणतांब्यात कल्पना नावाची जुनी विद्यार्थिनी दिलेली होती, घाटापासून अगदी जवळ. तिचे सासरे भास्करअण्णा. आधी बघायला गेल्या तेव्हा बाईंना तिथला संडास पसंत पडला नाही. अंधारा, उकिडवा बसायचा, दाराला भोकं. बाईंनी अण्णांना असं काही सुनावलं की म्हातारा तोंडात बोट घालून ऐकत राहिला. नंतर कल्पनाचा फोन आला. अण्णांनी अंगणात नवीन संडास बांधायला काढला होता. पांढऱ्या फरशा, पांढरी खुर्ची, लोखंडी दार. बाईंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांना शी न म्हणता नुसतं "हं" म्हणताना ऐकलं.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सगळी मिळून वीसेक माणसं. वाटेतली घरं ठरल्याप्रमाणे आली, आई प्रत्येक ठिकाणी उतरली, प्रत्येक ठिकाणी हसून परत चढली. राहात्याच्या पुढे तर तिने बबनला गाणं लावायला सांगितलं. मी तिला कित्येक वर्षांत अशी पाहिली नव्हती.

पुणतांब्यात कल्पनाच्या अंगणात गाडी थांबली. नवा संडास उन्हात चकाकत होता आणि त्याच्या दाराला भलंथोरलं कुलूप होतं.

कल्पनाचा चेहरा रडवेला झालेला. "बाई, मामंजींनी लावलंय. पाव्हनं यायच्या आत घान हुईल म्हनून घरातल्या कुनालाच जाऊ दिलं न्हाई. आमी शेजारी जातो. किल्ली त्यांच्या करगोट्याला हाय आन ते श्रीरामपूरला गेल्यात, तुमच्यासाठी जिलबी आनायला."

"आणि जुना?"

"त्यात सरपन भरलंय."

पाहुण्यांचा मान म्हणून कुलूप. हा मूर्खपणा आपल्याच लोकांना सुचतो. चांगली वस्तू वापरायची नाही, झाकून ठेवायची, पाहुण्याला दाखवायची. बाईंनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, पण कडी दाराच्या लोखंडाला वेल्डिंगने जोडून टाकलेली. शेजारणीकडे नेता आलं असतं, पण तिथे चढायच्या चार उंच पायऱ्या आणि आईचे गुडघे. कल्पना सासऱ्यांना फोन लावत होती, अण्णा म्हणत होते, आलोच, पुलाशी हाय.

आई मला हळूच म्हणाली, "मला घाटावर ने. तवर नदी तरी बघते."

मी तिला धरून नेलं. दुसऱ्या बाजूने बाई. मागून सगळी मंडळी मोबाईल काढून, लेकरांना हाका मारत येत होती. घाट तिने सांगितला होता तसाच होता, रुंद आणि बसक्या पायऱ्यांचा, फक्त त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, कुजलेले हार आणि कुणाच्या तरी देवाच्या फुटक्या तसबिरी पडलेल्या. पाण्यावर कसलासा हिरवट तवंग. आई मधल्या पायरीवर थांबली. मला वाटलं, दमली. मग तिची बोटं माझ्या मनगटावर आवळली गेली आणि मला कळलं. मी खाली बघितलं. दगड ओला होत होता.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती नदीकडे बघत राहिली. मागे आठ-दहा पायऱ्यांवर आमची माणसं आली होती.

इथे एक सांगायला हवं. बाईंना नदीत उतरणाऱ्या लोकांची मनस्वी घृणा होती. "पाण्यात पुण्य नसतं, जंतू असतात," हे त्यांनी आमच्या शाळेतल्या किती पिढ्यांना पाठ करून दाखवायला लावलं असेल. वरच्या गावांची गटारं कुठे सोडतात, हे त्या फळ्यावर नकाशा काढून सांगायच्या. सहलीत कुणी हातावर तीर्थ दिलं तर ते झाडाला घालायच्या. गोदावरीत त्यांनी आजवर पायाचं बोट बुडवलेलं नव्हतं.

बाईंनी पर्स माझ्या हातात दिली. आईच्या कमरेत हात घातला.

"चला आई," त्या मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माहेरची नदी काय लांबून बघायची असते?"

आणि इस्त्रीच्या साडीसकट त्या आईला घेऊन सरळ पाण्यात उतरल्या. पाण्यातल्या पायरीवर आईला बसवलं, शेजारी स्वतः बसल्या. पाणी दोघींच्या कमरेपर्यंत आलं. बाईंनी ओंजळ भरून आईच्या खांद्यावर ओतली, मग स्वतःच्या डोक्यावर. तवंगाचा एक तुकडा त्यांच्या कपाळाला चिकटून राहिला होता. मागे वळून त्या ओरडल्या, "बघत काय उभे राहिलात? या की." हेडमास्तरांच्या मिसेस साडी खोचून उतरल्या, मग लेकरं, मग सगळेच. पाच मिनिटांत घाटावर एक माणूस कोरडा राहिला नाही आणि कोण कशाने ओलं झालं हे कुणाला विचारायचं कारण उरलं नाही. आई आधी रडत होती. मग एका पोराने तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि ती हसायला लागली.

आम्ही निथळत अंगणात आलो तेव्हा भास्करअण्णा जिलबीचा पुडा आणि किल्ली घेऊन उभे होते. "आरं तिच्या, समदीच भिजली की. बाई, बगा, एक डाग पडू दिला न्हाई." त्यांनी अभिमानाने कुलूप उघडलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, किल्लीही घेतली आणि दोन्ही पर्समध्ये टाकलं.

"अण्णा, संडास फार छान झालाय. हे कुलूप मी घेऊन चालले. कडी आतून असते, तेवढी पुरे."

"अन घान झाली म्हंजे?"

"झाली की धुवायची. तुम्ही धुवायची. सुनेने नाही."

आईने कोरडं लुगडं नेसलं, जिलबी खाल्ली, भावाच्या घरची माणसं भेटायला आली त्यांच्याशी भरपूर बोलली. परतताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. बाई मात्र उभ्याच होत्या. कल्पनाची कोरडी साडी त्यांनी नेसली होती, पण केसांतून अजून पाणी गळत होतं, सीट खराब होईल म्हणून त्या बसायला तयार नव्हत्या. आईने त्यांच्या पाठीकडे बघत माझ्या कानाशी विचारलं, "सुमे, त्या बाईनं बघितलं नसंल ना गं?"

"नाही आई," मी म्हटलं. "त्यांना कसं कळणार?"

आईने सुटकेचा श्वास टाकला आणि डोळे मिटले. त्यानंतर ती जितकी वर्षं जगली, आल्यागेल्याला सांगायची, साळवेबाईंनी मला गोदेत न्हाऊ घातलं.

बाईंना मी पुढेही खूपदा भेटले. शेवटच्या आजारात दवाखान्यात पाहिलं, तिथल्या संडासाला नावं ठेवताना ऐकलं. पण डोळ्यांपुढे येतात त्या पुणतांब्याच्या दिवशीच्या. गाडी आधी आमच्या दारात आली. आईला आत नेऊन निजवलं आणि मी बाहेर आले, तर बाई अंगणातल्या नळापाशी बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत, हातात आमची कपड्याच्या साबणाची वडी. पाय घासत होत्या, धूत होत्या, पुन्हा घासत होत्या. मग हात कोपरापर्यंत. मग कपाळ. चेहरा असा वाकडा केलेला की कुणी बघितलं तर वाटावं, बाईंना कुणीतरी गटारात ढकललं होतं.

माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"शिंदेबाई, आईंना कळलं नाही ना, मी पाहिलं ते?"

"नाही बाई," मी म्हटलं.

"बरं झालं." त्यांनी नळ बंद केला, पाय झटकले आणि साबणाची वडी दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे केली. "ही टाकून द्या आता. शी."